फाट्यावरचा फौजी दगड

आमच्या फाट्यावर नारळ फोडून ट्रक पुढे गेला, की एक म्हातारा सायकल हाणत त्याच्यामागे जातो आणि फुटलेला नारळ ड्रायव्हरच्या हातात परत देऊन येतो. ते शामरावभाऊ. माझं पंक्चरचं दुकान फाट्यावरच असल्यामुळे हा तमाशा मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि खरं सांगू, पार कंटाळलोय.

वरोरा-चिमूर रस्त्यावरच्या आमच्या एवढ्याशा गावातून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत गेली. त्यातल्या परत न आलेल्यांची नावं कोरून पंचायतीने फाट्यावर एक दगड उभा केला. पण रस्त्याकडेला उभा दगड दिसला, की आमच्याकडच्या माणसाचा हात आपसूक कपाळाला जातो. वाचतो कोण? येणारा-जाणारा कुंकू लावतो, उदबत्ती खोचतो.

शामरावभाऊ रिटायर हवालदार, त्यात बौद्धाघरचे. रोज सकाळी बादली-फडकं घेऊन कुंकू पुसायचं, आणि एसटीची वाट बघणाऱ्याला धरून अठराच्या अठरा नावं वाचायला लावायची. "देव नोहे हा, फौजी दगड आहे. वाच आधी." एकदा वरातीची गाडी पंक्चर झाली, तर नवरदेवालाच धरलं. तो म्हणाला, "नवरदेव आहो जी मी." भाऊ म्हणाले, "मंग जोरात वाच. नवरीले ऐकू गेलं पाह्यजे."

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, दगड पंचायतीच्या अंगणात हलवतो, खाली टाइल्स बसवून देतो. सगळं गाव राजी. भाऊ सोडून. तहसीलला चकरा सुरू झाल्या. दोनदा दुकान बंद ठेवून मीही गेलो, काय करता. साहेब म्हणाले, देऊळ असतं तर बघितलं असतं. नावांच्या दगडासाठी रस्ता वाकवता येत नाही.

मशीन येणार त्या सकाळी भाऊ दुकानात आले. "शेंदूर आहे काय बे?"

मारुतीच्या फोटोपुढची पुडी मी काढून दिली. त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि तोंड दुसरीकडे करून दगड वरपासून खालपर्यंत माखला. जेसीबीवाला आला, चपला काढून पाया पडला आणि म्हणाला, मी तर हात लावणार नाही. दुसऱ्याला बोलावलं, तोही पाया पडला. सुपरवायझरने चार ठिकाणी फोन केले. शेवटी रस्ता दगडाला वळसा घालून गेला.

मला मात्र राग आला. "भाऊ, जिंदगीभर लोकाईच्या मागं धावले, अन् आज सोताच्या हातानं हे केलं? पंचायतीच्या अंगणात काय वाईट होतं?"

ते फडक्याने बोटं पुसत होते. आमच्याकडे सुट्टी संपली, की फौजीला सोडायला सारं गाव फाट्यापर्यंत येतं. भाऊंनी एकही पोरगा चुकवलेला मला आठवत नाही.

"तेरावं नाव माह्या लहान्या भावाचं आहे," ते म्हणाले. "तो शेवटचा घरी आला, तवा मी बी सुट्टीवर होतो. पावसाच्या आधी घरावरचे कवेलू कोन फेरन, याच्यावरून भांडलो त्याच्यासंगं. सोडाले सारे आले, मी घरीच बसलो. बस लेट होती. घंटाभर इथीच उभा होता तो, गावाकडं पाहून राह्यला होता म्हणे. मले वाटलं, पुढच्या सुट्टीत बोलू."

पुढची सुट्टी आलीच नाही, हे गावात कोणाला माहीत नाही?

"पंचायतीच्या अंगणात तो कवाच उभा नोता रे," भाऊ म्हणाले.