नव्या कोर्टाची सावली

आमच्या धामणसड्याच्या नव्या कोर्टाची सावली ठरल्या दिवशी आली. इमारत अजून यायची आहे.

सावली आली तो पाडव्याचा दिवस. जुन्या आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेवर मांडव घातला होता, पाहुणे आले होते, आणि इमारतीचा मात्र पत्ता नव्हता. बांधकाम खात्याचे साहेब सारखे घाम पुसत होते. तेवढ्यात चांगली चार मजली सावली जमिनीवर येऊन पडली, वरच्या घड्याळाच्या मनोऱ्यासकट. साहेबांचा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांनी सावलीच्या दारात फीत कापली, आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्याचं एवढं वेळेवर आलं, त्याचं बाकीचंही येईलच, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याला आता बरेच पाडवे झाले.

मी न्यायालय चौक विकास समितीचा सचिव. माझं झेरॉक्सचं दुकान. कोर्ट येणार म्हणून मी ते चालू धंद्यातून उचलून इथे आणलं, त्यामुळे चौकाचा विकास व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. इमारत नाही म्हणून हातावर हात धरून बसणाऱ्यांतले आम्ही नव्हे. जे आलंय त्याच्या भोवती आराखडा करायचा, असं समितीनं ठरवलं.

तर आराखडा असा. सकाळी सावली एसटी स्टँडच्या बाजूला असते, म्हणून सकाळचं कामकाज तिकडे. वकिलांची टेबलं, टायपिंगवाले, चहावाला, सगळे तिकडेच. भर दुपारी सावली आखडते आणि कुणालाच पुरत नाही, तेव्हा मधली सुट्टी. मग सावली जागा ओलांडून पलीकडे उतरते, आणि टेबलं उचलून सगळा गाव तिच्या मागे. आराखड्यातल्या सगळ्या दुकानांना चाकं लावायची हे माझंच डोकं. पावसाळ्यात सावली अनियमित येते, त्यामुळे तेव्हा कोर्टाला सुट्टी असते. एकदा सवय झाली की फार सोयीचं आहे. बाहेरगावचे लोक बघायला येतात आणि आपल्याकडे का नाही म्हणून हळहळतात.

अडचण एकच होती, अंजनाबाई बोऱ्हाडे.

अंजनाबाईंचं घर जागेच्या पलीकडच्या अंगाला, आणि घरापुढे मोठं सारवलेलं अंगण. त्या वाळवणं करतात. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. उन्हाळ्यात जे वाळेल त्यावर त्यांचं वर्ष निघतं. नवरा गेल्यापासून घर त्यांनी याच अंगणावर चालवलंय. दुपारची सावली नेमकी त्या अंगणात येऊन बसते आणि दिवेलागणीपर्यंत हलत नाही. कुरडईला दुपारचं कडक ऊन लागतं. आधीचे उन्हाळे त्यांनी सकाळच्या उन्हावर कसेबसे काढले, पण गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कुरडया वाळल्याच नाहीत, आंबल्या. वर आमचे वकील टेबलं घेऊन अंगणात शिरायचे आणि अशिलांना घेऊन अंथरलेल्या धोतरावरच्या कुरडयांमधून उड्या मारत जायचे. अंजनाबाईंनी लाटणं दाखवलं की तेवढ्यापुरते बाजूला व्हायचे.

यंदा त्या समितीकडे आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजूत घातली की इतके दिवस काढलेत तसे आणखी थोडे काढा, एकदा इमारत आली की सगळं मार्गी लागेल.

त्या चहाला हात न लावता म्हणाल्या, "भाऊ, इमारत आली म्हणजे सावली जाणार आहे का?"

या मुद्द्याचा समितीनं विचार केला नव्हता. मी कागद वरखाली केले. त्या म्हणाल्या की त्यांना इमारतीशी काही देणंघेणं नाही, त्यांचं ऊन गेलंय ते त्यांना परत पाहिजे, आणि लवकर पाहिजे, कारण गहू भिजत घातलेत. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गहू भिजले की तिसऱ्या दिवशी वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. त्याला थांब म्हणता येत नाही. हा उन्हाळाही वाया गेला तर अंगण विकून लेकीकडे जायची पाळी येईल, असंही त्या उठता उठता म्हणाल्या. फार शांतपणे म्हणाल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कोर्टात अर्ज दिला. जुन्या कोर्टानं तो परत केला. वाद नव्या इमारतीचा आहे, तेव्हा तो नव्या इमारतीतच चालला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं आणि ते बरोबरच होतं. मग अर्ज चौकात आला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, अंजनाबाईंच्याच अंगणात, सावलीत, सुनावणीला लागला. आत चुलीवर चीक शिजत होता. त्यांच्या जाऊ जनाबाई तो ढवळत होत्या आणि गाठी होऊ नयेत म्हणून आतून कुणाशीच बोलत नव्हत्या.

न्यायाधीश खांबेटे मॅडम खुर्चीत बसल्या. शिपायानं रीतीप्रमाणे मोकळ्या जागेकडे तोंड करून तीनदा पुकारा केला, नवी न्यायालय इमारत हाजिर हो. कुणी आलं नाही. इमारत गैरहजर, अशी नोंद झाली.

सरकारच्या वतीनं पळसुले वकील उभे राहिले. पळसुले म्हणजे आमच्या तालुक्यातला तयारीचा माणूस, बोलायला लागला की चहा गार होतो. त्यांनी सांगितलं की सावली ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिचं रीतसर उद्घाटन झालेलं आहे. या सगळ्या प्रकल्पात वेळेवर आलेली ती एकटीच, तेव्हा वक्तशीरपणाची शिक्षा तिला होऊ नये. शिवाय मूळ इमारतीचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देणं न्यायाचं होणार नाही, सबब पुढची तारीख मिळावी.

मॅडमनी अंजनाबाईंकडे पाहिलं. तुम्हाला तारीख चालेल का, असं विचारलं.

"मला चालेल हो," अंजनाबाई म्हणाल्या, "पण आत चीक शिजत आलाय. त्याला विचारून घ्या."

मॅडम उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि पातेल्यात वाकून बघितलं. माहेरी कुरडया होत असणार, कारण त्यांनी जनाबाईंच्या हातातलं उलथनं घेऊन चीक वर उचलून पाहिला आणि मान हलवली. परत येऊन बसल्या त्या निकाल सांगायलाच.

निकाल असा की सावली सरकारची आहे आणि सरकारी मालमत्ता हलवता येणार नाही. हे ऐकून अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण मॅडम पुढे म्हणाल्या की खाली एवढं ऊन अडलंय, त्याअर्थी ते वर कुठेतरी पडलेलंच असणार. ज्यानं ऊन अडवलं, त्याच्याकडेच ते आहे. "इमारतीची गच्ची," मॅडम म्हणाल्या, "वाळवणासाठी अर्जदार बाईंना देण्यात येते. आजपासून."

पळसुल्यांनी बराच विचार केला, पण त्यांना हरकत सापडेना.

अंजनाबाईंनी एवढंच विचारलं की जिना कुठल्या बाजूला आहे. मी समितीचा नकाशा उघडून दाखवला, एसटी स्टँडच्या बाजूला. त्यांनी पदर खोचला, चिकाचं पातेलं फडक्यानं धरून डोक्यावर घेतलं, सोऱ्या कमरेला लावला, धोतर खांद्यावर टाकलं आणि चौक ओलांडून गेल्या. गुडघ्यांमुळे जनाबाई वर चढणार नव्हत्या, पण जिन्यापर्यंत त्याही निघाल्या. आम्ही सगळे मागोमाग गेलो. नकाशा माझ्या हातात होता आणि तो चुकीचा असता तर?

अंजनाबाईंनी पाय उचलला, ठेवला, आणि चढायला लागल्या. पहिल्या मजल्यावर वळल्या. दुसऱ्यावर वळल्या. तिसऱ्यावर जरा थांबून दम खाल्ला, पातेलं सारखं केलं आणि वर गेल्या. मग एसटीच्या झाडांच्याही वर, निळ्या आभाळात, धोतर अंथरलेलं दिसलं आणि त्यावर एकेक कुरडई पडायला लागली. खालून बघताना त्यांच्या तळव्यांच्या भेगासुद्धा दिसत होत्या.

"ऊन आहे का?" मी खालून ओरडून विचारलं.

"मोप आहे," वरून आवाज आला. "पायऱ्या तेवढ्या उंच केल्यात मेल्यांनी."

मग त्यांनी हातानं कावळा हाकलला. खाली जनाबाई खात्यानं कधीतरी आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगावर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. मीही चष्मा पुसला.

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. पायऱ्यांचा विषय निघाला आणि गच्चीला कठडा नसल्याचाही. पण मोठा प्रश्न वेगळाच होता. इमारत आली आणि कुरडया वर असतानाच आली तर काय करायचं? मालवाहू गाड्या, सिमेंट, धूळ. सगळं वाळवण मातीत जाईल. इतकी वर्षं आम्ही दर महिन्याला खात्याला लवकर या म्हणून विनवत होतो. या वेळी मी स्वतः ठराव मांडला की इमारतीनं यंदा येऊ नये आणि पुढच्या वर्षीही आधी अंजनाबाईंना विचारून यावं. सगळ्यांचे हात वर गेले. पळसुल्यांचा तर पहिला.

खात्यानं आमची मागणी त्याच दिवशी मान्य केली. इतक्या तातडीनं त्यांनी आमचं काहीच ऐकलं नव्हतं.

काल अंजनाबाईंनी दुकानात येऊन तळलेल्या कुरडईचा पहिला घाणा दिला. अशी फुलली होती की ताटात मावेना. मी त्यांना ठराव वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला, आणि जिना चढायला वळता वळता म्हणाल्या, "येऊ दे की तिला सावकाश. आली म्हणजे फक्त खालून हाक मारा. मी धोतर गोळा करते, मग ये म्हणावं."