बाथरूममधलं सदाहरित जंगल

"पुस्तकातलं जंगल काय कामाचं? जंगल कसं अंगावर यायला हवं!" रविवारी सकाळी रिद्धीने अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या वन-बीएचकेमध्ये जाहीर केलं. तिची बॉटनीतली बीएस्सी आजवर फक्त कोथिंबीर निवडायला कामी आली होती. आज जिज्ञासा आणि समर्थ या आपल्या पोरांना ती सगळी जंगलं घरातच दाखवणार होती!

गॅलरीत निवडुंग आणि कोरफड; झालं काटेरी जंगल. बाथरूममध्ये सदाहरित. ते हवं उष्ण आणि दमट. त्याची काय चिंता? घरात वाफेची मशीनं तीन होती. एक बिघडलं तर? आणि ऐन सर्दीत दुसरंही बिघडलं तर? रिद्धीने तिन्ही सुरू केली, कुंड्या मांडल्या आणि वासासाठी निलगिरीचं तेल अर्धी बाटली ओतलं.

"आई, निलगिरी आपल्याकडचं झाडच नाहीये."

"जिज्ञासा, वास घे, वाद नको! तर असं जंगल तोडलं की त्यातले प्राणी नामशेष होतात. म्हणजे कायमचे गायब."

समर्थने आ वासला.

राहिलं पानझडी. त्याला खरी वाळकी पानं हवीत, म्हणून तिघं खाली बदामाच्या झाडाखाली गेली. सासूबाई, सगुणाबाई, घरात झोपल्या होत्या.

पिशवी भरली आणि रिद्धीने सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून पांढरा लोट! वर उग्र वास!

आता, एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचतच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तिने याआधी दोनदा 'गॅस लीक' टाकलं होतं. एकदा ती मिरचीची फोडणी निघाली, एकदा धूप. सेक्रेटरी रामभाऊंनी बजावलं होतं, "वहिनी, तिसऱ्यांदा झालं तर ग्रुपमधून काढीन हां!"

ती खिडकी कोणाची, हे कळायला पाव सेकंद पुरला असता. पण रिद्धीचा अंगठा त्याहून चपळ!

'गॅस!!! सगळे खाली या!!!'

अख्खी बिल्डिंग नाकाला ओले रुमाल लावून खाली. हेही तिनेच शिकवलेलं! रामभाऊ तर एका गालावर फेस घेऊन धावत आले. "कुठाय? कुठाय?"

"तिसरा मजला! अगंबाई, आई वर आहेत!" रिद्धी किंचाळत जिन्याकडे धावली.

"आई, थांब ना," समर्थ ओरडला, "ते आपलंच जंगल आहे!"

इतक्यात ढगातून विमान निघावं तसं सगुणाबाईंचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "काय झाला गो सूनबाय? येवरी मानसा कनाला जमलीन? माजा नाक बघ, कवरा मोकला झालाय!"

रुमाल एकेक करून खाली आले. रामभाऊंनी गालावरचा फेस पुसला आणि खिशातून मोबाईल काढला.

रिद्धीने आपल्या फोनकडे पाहिलं. ग्रुपमधून तिची हकालपट्टी झाली होती.

समर्थने तिचा पदर ओढला. "आई, तू नामशेष झालीस?"

"नाही रे," रिद्धी पुटपुटली, "फक्त दुर्मीळ. पाण्याच्या टँकरच्या ग्रुपवर आहे अजून."