होडी घाटाला बांधून वल्हवण्याची पद्धत

माणसाने पाण्यात उतरावे की नाही हा वाद फार जुना आहे. परंतु समिती नेमल्याशिवाय उतरू नये, याबद्दल सुशिक्षित लोकांत आता दुमत उरलेले नाही. मी स्वतः तिसरी पास आहे (चौथीच्या परीक्षेच्या दिवशी घरी तूर सोंगायची होती), त्यामुळे मला हे समजायला दिवाळीपासून जानेवारी उजाडला. आमच्या ले-आऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बाकीच्यांना ते जन्मापासून माहीत होते.

ले-आऊटच्या मागे तलाव आहे. पूर्वी त्यात गणपती बुडवत, आता त्याकडे तोंड करून लोक मोबाइलवर बोलतात. या तलावाचा काही सदुपयोग व्हावा म्हणून ‘सर्वोदय ले-आऊट सामुदायिक नौकानयन मंडळ’ स्थापन झाले. नाव होडीच्या एका अंगावर मावले नाही, म्हणून अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे रंगवले. आम्ही नेमके कोण, हे कळायला माणसाला होडीच्या दोन्ही बाजूंनी पोहावे लागते.

मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी. कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते सांगत नाहीत, पण कागद पुढे आला की आधी तो उलटा करून ठेवतात, त्यावरून अंदाज येतो. भैय्याजींना पोहता येत नाही. म्हणूनच सुरक्षा समितीचे अध्यक्षपदही त्यांनाच दिले. ज्याला पोहता येते तो पाण्याला घाबरत नाही, आणि जो घाबरत नाही त्याच्या हाती सुरक्षा देणे म्हणजे मांजराला दूध राखायला बसवण्यासारखे, असे त्यांनीच समजावून सांगितले.

वल्हवायला शिकवायला सोनिका नावाची मुलगी ठेवली. ती कॉलेजात असताना विद्यापीठाकडून वल्हवत असे. पहिल्याच दिवशी तिने एक गोष्ट सांगितली आणि मी मंडळाची आजन्म सदस्य झाले. ती म्हणाली, या होडीत वल्हवणारा उलटा बसतो. ज्या बाजूला जायचे तिकडे पाठ, आणि जिथून निघाला तिकडे तोंड.

घरच्या सुनेसाठी याहून सुशील खेळ मी पाहिलेला नाही. क्रिकेटमध्ये बाई कुठेही पळते. सायकलवर बसली की पुढे बघते, मागचे विसरते. इथे ती पुढे गेली तरी तिचे तोंड सासूकडेच राहते. मी त्याच संध्याकाळी माझ्या सुनेचे, दीपमालाचे, नाव घातले. शेजारच्या यमुताईंना हे कळताच त्यांनी त्यांच्या सुनेचे, काजलचे, घातले. आणखी दोन घरांतून दोन सुना आल्या आणि चौघींची होडी भरली.

सुरक्षा समितीची पहिली बैठक होडी येण्याआधी झाली, दुसरी होडी आल्यावर झाली, आणि तिसरीत एक गंभीर दोष उघडकीस आला. तो असा की, होडी वल्हवली असता ती घाटापासून दूर जाते.

“काका, होडीनं दूरच जायचं असते नं,” सोनिका म्हणाली.

“हाव. पण परवानगीनं,” भैय्याजी म्हणाले.

(सोनिकाच्या सूचनेची नोंद घेण्यात आली. मंडळात नोंद घेणे म्हणजे काय ते अनुभवी लोकांना सांगायला नको.)

उपाय चंपतरावांनी दिला. हे यमुताईंचे यजमान. कळमन्याच्या धान्याच्या यार्डात त्यांची अडत आहे. त्यांनी ट्रकवरची पोती आवळायचा दोर मंडळाला भेट दिला आणि म्हणाले, “ज्या दोरानं ट्रकभर तूर इंदूरपर्यंत हलली नाई, त्यानं चार बाया का हलून राहिल्या?” दोराच्या मध्यावर ‘सौजन्य’ असा पत्रा टांगला. एक टोक होडीला, दुसरे घाटाच्या लोखंडी कडीला. लांबी पंधरा हात. सोबत नियमावली आली:

एक, होडी दोराशिवाय पाण्यात राहणार नाही.
दोन, दोर ताणला गेल्यावर वल्हवणे थांबवू नये, कारण शिस्त महत्त्वाची.
तीन, पाण्यात पडलेल्या सदस्याने प्रथम गटप्रमुखास कळवावे.
चार, समितीचे सदस्य जबाबदारीच्या पदावर असल्याने होडीत बसणार नाहीत.

अशा रीतीने आमच्याकडे रोज सकाळी वल्हवणे सुरू झाले. चौघी लाइफ जॅकेट घालून बसत, पाच-सात वेळा वल्ही मारत, दोर कडक होई, आणि मग त्या तासभर तिथल्या तिथे घाम गाळत. पाणी मागे जाई, होडी जागेवर. घाटावर खुर्च्या टाकून समिती तर्री-पोहे खाई. इतकी सुरक्षित होडी भारतात दुसरी नसावी.

पण माणसाला प्रगती लागते. तेव्हा भैय्याजींनी अंतराचा हिशेब बसवला. एका वल्ह्याला होडी जितकी गेली असती, तितकी ती गेली असे धरायचे. (या ‘असती’वर त्यांनी पस्तीस वर्षे नोकरी केली होती.) फळ्यावर रोज किलोमीटर चढू लागले. डिसेंबरच्या मध्यात होडी रामटेकला पोहोचली. नारळ फुटला, प्रसाद वाटला. काजल भाबडी, ती हात जोडून उठू लागली, तसे भैय्याजी घाटावरून ओरडले, “उतरू नका कोणी, गर्दी आहे!”

जानेवारी लागला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात शिरलो होतो. सरहद्दीवर सगळ्यांना चहा झाला.

त्याच सुमारास एका संध्याकाळी दीपमाला कणीक मळता मळता मला म्हणाली, “आई, मले एकदा त्या काठाले टेकून यायचं आहे.”

“कोण्या काठाले?”

“समोरच्या. तलावाच्या.”

“तिथं का आहे वं? एक टपरी अन् म्हशी.”

“माहीत आहे. स्कूटीनं रोज तिथूनच तं जाते मी ड्यूटीले.”

“मंग?”

“मंग काही नाई. वल्हवत जायचं आहे.”

लोकांना काही कारण नसताना काही हवे वाटते, याला माझा विरोध नाही; ते लोक दुसऱ्यांच्या घरात असावेत एवढेच. दीपमाला माझ्या घरात नऊ वर्षे आहे. या नऊ वर्षांत तिने मला विचारले खूप. भात टाकू का, वांगी चिरू का, माहेरी दोन दिवस जाऊ का. मागितले मात्र काही नव्हते. हे पहिले मागणे, आणि तेही टपरी आणि म्हशी. मी म्हटले, “पाहू,” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नंतर संकट आले. समोरच्या काठावरही एक ले-आऊट आहे आणि देखादेखी त्यांनीही मंडळ काढले होते. त्यांनी आव्हान दिले: सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शर्यत, बायांच्या दोन होड्या, आमच्या घाटावरून निघायचे, जी होडी समोरच्या काठाला आधी टेकेल ती जिंकली. नाही म्हणावे तर अब्रू जाते, हो म्हणावे तर होडी जाते. समितीने रात्रीपर्यंत विचार करून मधला मार्ग काढला. होडी शर्यतीत उतरेल, पण दोरासह. दोर मात्र लांब करण्यात येईल. समोरच्यांना विचारले, तर त्यांनी कळवले, “बांधा. पाहिजे तं दोन बांधा.”

चंपतरावांनी आणखी दोर दिले, ते एकमेकांना गाठी मारून जोडले. तलावाची रुंदी मोजली नाही, कारण तलाव नेमका कोणत्या खात्याचा हे ठरलेले नसताना त्याला टेप लावणे आगाऊपणाचे झाले असते. नकाशावर तो चार बोटे भरला (बोटे भैय्याजींची), त्या अंदाजाने दोर घेतला. घाटावरची कडी सरकारी असल्याने शर्यतीचा ताण तिच्यावर टाकणे योग्य नव्हते. म्हणून दोराचे टोक हातात धरायला ‘दोरप्रमुख’ असे पद निर्माण झाले. ते एकमताने मला मिळाले.

सभेत भैय्याजी म्हणाले, “जयवंताबाईच्या हातून आजपर्यंत कोणी सुटलं नाई.”

टाळ्या पडल्या. माझ्या तिन्ही मुलांनी वाजवलेल्या टाळ्या मला वेगळ्या ऐकू आल्या. मनापासून वाजवलेल्या टाळीचा आवाज लपत नाही.

सव्वीस जानेवारीला मी नवी इरकल नेसून, छातीला बिल्ला लावून घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले. माझ्या पायाशी दोराचे वेटोळे. शेजारी यमुताई, डोक्यावर पदर घट्ट धरून, जणू दोर त्याच धरून आहेत. शिट्टी झाली.

आता एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. समोरच्या बाया मोबाइलवर पाहून वल्हवायला शिकल्या होत्या. दिसायला नाजूक, ठीकठाक. आमच्या चौघी तीन महिने इंदूरच्या ट्रकशी झुंजत होत्या. होडी अशी निघाली की दोर माझ्या तळहाताची साल घेऊन धावला. लोक उठून उभे राहिले. सौजन्याचा पत्रा पाण्यावर टणटण उडत गेला.

आणि तलावाच्या मध्याच्या थोडे पुढे दोर संपला.

मी दोन पायऱ्या खेचली गेले, टाच रोवून उभी राहिले. होडी थांबली. आमच्या चौघी थांबल्या नाहीत. त्यांना जसे शिकवले होते तशा त्या जागच्या जागी वल्हवत राहिल्या, एका तालात, एकही वल्हे मागे-पुढे नाही. भैय्याजींचे डोळे भरून आले. त्यांनी माइकवर सांगितले, “पाहा, याले म्हणतात शिस्त!” तेवढ्यात समोरच्यांची होडी, डोलत डोलत, आमच्या होडीला मागे टाकून गेली.

मी मघाशी त्या खेळाची जी स्तुती केली, तिचा मला त्या घटकेला त्रास झाला. दीपमालाचे तोंड माझ्याकडे होते. सगळा वेळ माझ्याकडेच होते. ती ओरडली असती तर मी तिला तिथूनच गप्प केले असते, ती सवय मला आहे. पण ती ओरडली नाही. वल्हवत होती आणि बघत होती. काही विचारत नव्हती.

यमुताईंनी माझा दंड धरला. “घट्ट धरा वं जयवंताबाई, माही काजल आहे त्याच्यात!”

“म्हूनच तं,” मी म्हटले, आणि मूठ उघडली.

दोर पाण्यात शिरला. घाटावर अशी शांतता झाली की पोह्यांवरच्या माश्या ऐकू याव्यात. मग भैय्याजी माइकवर “थांबा, थांबा, हे नियमात नाई” असे म्हणू लागले, पण तोपर्यंत होडी नियमाच्या बाहेर गेलेली होती. तिने समोरच्यांना गाठले, मागे टाकले, आणि काठ आला तरी ती चालूच राहिली. आमच्या बायांना होडी थांबवायची कशी हे कोणी शिकवलेच नव्हते. ते काम कायम दोर करत असे. त्या जलपर्णीतून, चिखलातून थेट म्हशींत जाऊन टेकल्या. म्हशी उठल्या. चौघी खाली उतरल्या आणि टपरीवर जाऊन बसल्या.

त्यांनी दोन-दोन चहा घेतले. समिती माइकवरून परत बोलावत होती आणि त्या तिकडून हात हलवत होत्या. परत निघाल्या तेव्हा मला या खेळाचा दुसरा दोष कळला. येताना वल्हवणाऱ्याची पाठ घराकडे असते. चार पाठी डुलत डुलत आमच्याकडे आल्या, आणि घाटाला लागेपर्यंत चौघींची तोंडे त्या टपरीकडेच होती.

“का दिसलं वं तिथून?” मी दीपमालाला विचारले.

“आपली टाकी वाहून राहिली, आई. सकाळपासून मोटर चालू आहे.”

घरात तीन मुले आणि त्यांचे वडील होते. टाकी दिसायला तलाव ओलांडावा लागला.

समितीचा अहवाल आठ दिवसांनी आला. त्यात विजयाचे श्रेय दोराच्या खडतर प्रशिक्षणाला देण्यात आले. दोराचा जाहीर सत्कार झाला. त्याचे वेटोळे खुर्चीवर ठेवून त्याला शाल पांघरली, श्रीफळ दिले. (दोर अजून ओला होता, शाल खराब झाली.) चंपतराव दोरातर्फे दोन शब्द बोलले. मला खुलासा मागणारे पत्र मिळाले: दोर आपल्या हातून सुटला की आपण सोडला? सुटला म्हणावे तर हात नालायक, सोडला म्हणावे तर मी. दीपमालाला म्हटले, लिही. तिने “सोडला” एवढेच लिहिले, खाली मी सही केली. माझा बिल्ला काढून घेण्यात आला.

मंडळाने आता काळानुरूप सुधारणा केली आहे. बाया दर रविवारी समोरच्या काठापर्यंत जाऊ शकतात. होडीला दोन दोर राहतील, दोन्ही पुरेसे लांब, आणि प्रत्येक दोर धरायला आळीपाळीने भरवशाची माणसे. त्यासाठी नागपूरभरातून अर्ज मागवले, वल्हवण्यासाठी वेगळे आणि दोर धरण्यासाठी वेगळे. धरमपेठेतूनही आले. शिक्षा म्हणून ते अर्ज लावून ठेवायचे काम माझ्याकडे आहे.

मला वाचायला वेळ लागतो, पण ढीग करता येतात. वल्हवणाऱ्यांचा ढीग चहाच्या कपाखाली मावला. दोर धरणाऱ्यांचा ढीग वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवावा लागला. त्या सगळ्यांनी होडीत घरातले कोण बसणार त्याचे नाव लिहिले आहे, आणि कारण म्हणून खाली एकच शब्द: काळजी.

तुम्ही इथपर्यंत भैय्याजींना हसत आलात, ते बरेच केलेत. हसण्याने तब्येत राहते. तुमचा अर्ज पोहोचला आहे. काळजी नसावी, वरवंट्याखाली आहे.