सरासरीचा फ्यूज

"उपासाच्या दिवशी चूल थंडी राहू देजो, बाई," असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. प्रमिलाबाईंनी ते श्रद्धेनं ऐकलं. त्यांच्या यजमानांनी, सदाशिवरावांनी, ते हिशेबात धरलं.

नालवाडीच्या नव्या घरात वायरिंग करताना त्यांनी स्वयंपाकघराचा लोड काढला. विजेची शेगडी हजार वॅट, किटली हजार, मिक्सर चारशे. बेरीज दहा अँपिअरवर गेली. मग बायकोचे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार शून्य धरून त्यांनी सरासरी काढली. लोड पाचाच्या आत! भिंतीत बारीक तार गेली, पाचाचा फ्यूज बसला.

एकादशीला देवळीहून नणंद शकुंतला आली, उपास करायला. शेगडीवर नैवेद्याची भगर, मिक्सरमध्ये शेंगदाणे, किटलीत तिचा चहा. फट्!

देवघरात सासरे नानाजी, प्रमिलाबाईंचे मामाजी, पहाटेपासून निर्जळी बसले होते. नैवेद्य दाखवल्याशिवाय ते घोटभर पाणी घेत नसत. आवाज पार खोल गेला होता. "झालं का वं, सूनबाई?"

सदाशिवरावांनी फ्यूजची तार बदलली. पुन्हा फट्. मग चिडून त्यांनी तारेचे तीन पदर घातले. आता फ्यूज टिकला, भिंतीतली तार जळाली. सॉकेट काळंठिक्कर, घरभर धूर, भगर कच्चीच.

"उपासाच्या दिवशी एवढा लोड आला कुठून?" सदाशिवराव कडाडले. "काऊन सगळं एकाच टायमाले लावता तुम्ही?"

प्रमिलाबाईंचा आवाज कधी चढत नसे. आजही चढला नाही.

"तुमच्या पोटातून आला. साबुदाण्याची उसळ कोणाले लागते? बटाट्याचा कीस कोणाले? माह्या उपासाले एक केळं पुरते. तिकडं मामाजी पाण्यावाचून सुकून राह्यले, अन् तुम्ही मलेच लोड विचारता!"

"दादा, तू उपास कुठं करतं?" शकुंतलेनं आगीत तेल ओतलं. "तू फराळ करतं."

"मी? आत्ता दाखवतो! उद्या सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाई. देवाशपथ!"

"ऐकलं ना, मामाजी?"

"ऐकलं," देवघरातून आलं.

प्रमिलाबाईंनी माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह काढला आणि ओठ मिटून असा पंप मारला की ज्योत छताकडे धावली. भगर शिजली, नैवेद्य झाला, नानाजींनी पाणी घेतलं. मग तुपात जिरं तडतडलं, साबुदाण्याची उसळ परतली, बटाट्याचा कीस खरपूस झाला. पाट तीनच मांडले गेले.

सदाशिवराव दाराशी येऊन उभे राहिले. कोणी "बसा" म्हटलं नाही.

त्यांनी चपला घातल्या, पाण्याचा तांब्या उचलला आणि फोडणीचा वास पोचणार नाही अशा बाजूला मुकाट्यानं चालू लागले.