पहिल्या सहा ओळी

मशीन सुरू होताना काय बोलतं, हे आमच्या पेरुंगुडीच्या ऑफिसात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. हे मी मीटिंगमध्ये म्हणतो आणि कोणी खोडून काढत नाही, त्यावरून ते खरं असावं.

तर दवाखान्यात टोकन देणारं आमचं एक मशीन आहे. दहा वेळा सुरू केलं तर तीनदा मध्येच अडकायचं. त्यातला प्रिंटरचा भाग भव्याने लिहिलेला. ही आमच्याकडची नवी मुलगी, घराणं तंजावरकडच्या जुन्या मराठी लोकांचं, नोकरी अजून प्रोबेशनवर. शुक्रवारी मी श्रीनिधी मॅडमना सांगून मोकळा झालो, "दोष भव्याच्या कोडमध्ये आहे. सोमवारी पुराव्यानिशी दाखवतो."

"दाखवा," मॅडम म्हणाल्या. "तिला कायम करायचं की नाही, ते सोमवारीच ठरवायचंय."

भव्या समोरच बसली होती.

पुरावा म्हणजे सुरुवातीचे संदेश. मशीन जागं होताना शेकडो ओळी बडबडतं, पण त्या ठेवायची जागा ठरलेली असते. चौघांच्या सोफ्यावर पाचवा आला की पहिल्याला उठावं लागतं, तसं. आणि नेमक्या पहिल्या ओळीच कामाच्या असतात.

शनिवारी सकाळी मशीन वेस्ट मांबलमला घरी आणलं आणि डायनिंग टेबलावर मांडलं. पंधरा मिनिटांत छोटा प्रोग्राम लिहिला. जो संदेश येईल तो लगेच मशीनमधल्या मेमरी कार्डावर उतरवून ठेवायचा, बस.

"जेवणाआधी निकाल," मी बायकोला, निधीला सांगितलं.

प्रोग्राममध्ये एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. संदेश उतरवला की तो 'संदेश उतरवला' असं सांगायचा. आता हाही संदेशच. मग तो उतरवायचा, आणि उतरवला असं पुन्हा सांगायचा. चार मिनिटांत कार्ड काठोकाठ भरलं. आधी मशीन दहात तीनदा अडकायचं, आता दहाच्या दहा वेळा अडकायला लागलं.

"प्रगती आहे," निधी म्हणाली.

आता बटण दाबलं की ओळी स्क्रीनवरून सरसर वर जायच्या आणि मशीन मान टाकायचं. म्हटलं, व्हिडिओ काढू. नऊ काढले. आठांत नुसते पांढरे पट्टे आणि नवव्यात माझा अंगठा. मग फोनची बॅटरीही संपली.

एवढ्यात तांबरमहून सासरे आले. कृष्णकांत त्यांचं नाव. रेल्वेत अडतीस वर्षं. आधी यार्डात उभं राहून चालत्या मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवले, पुढे स्टेशन मास्तर झाले. पाणी पिऊन ते टेबलाशी बसले.

"देवेशराव, हे एवढं हळू जातंय, आणि तुम्हाला वाचता येत नाही?"

"बाबा, हे कॉम्प्युटरचं आहे. अर्थ कळायला लागतो."

"डब्यात काय भरलंय ते आम्हाला तरी कुठे कळायचं? नंबर बरोबर आला म्हणजे झालं." त्यांनी पिशवीतून लांबट रजिस्टर काढून समास आखला. "बटण कुठलं? एका वेळी एक ओळ, मग पुन्हा सुरू."

म्हटलं, बसू देत. तेवढाच त्यांचा वेळ जाईल. बटण दाखवलं, फोन चार्जिंगला लावला आणि नवीन कार्ड आणायला स्टेशनजवळ गेलो. पहिल्या दुकानात कार्ड नव्हतं, दुसऱ्यात दुकानदार नव्हता.

तासाभराने परत आलो तर सासरे चष्मा पुसत बसले होते.

"सहा ओळी झाल्या. मध्ये तुमच्या भव्याचा फोन आला होता. गुणी मुलगी हो. अर्धं तमिळ, अर्धं मराठी, पण बोलते गोड. सहावी ओळ तिने तीनदा वाचून घेतली."

मी रजिस्टर ओढलं. मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक ओळीपुढे वेळ. सहाव्या ओळीत मशीनला सुरुवातीलाच दिलेल्या सूचना होत्या आणि त्यांच्या शेवटी, मेम बरोबर चौसष्ट एम.

म्हणजे मेमरी कितीही असो, मशीनने फक्त चौसष्ट एमबी वापरायची. ही सूचना फेब्रुवारीत मीच घातली होती. उपाशी ठेवलं तर मशीन कसं वागतं, ते बघायला. बघितलं आणि सूचना काढायला विसरलो. भव्याचा कोड बिचारा जागा मागायचा आणि त्याला मिळायची नाही.

"बाबा, ही ओळ नीट दिसली नसेल. खोडू का?"

"रजिस्टरमध्ये खोडत नसतात. आणि उपयोगही नाही, नंबर घेतलाय."

"कसला नंबर?"

"प्रायव्हेट नंबर. एका स्टेशनने दुसऱ्याला निरोप दिला की ऐकणाऱ्याने एक आकडा द्यायचा आणि दोघांनी तो लिहून ठेवायचा. मग मागाहून कोणाला नाही म्हणता येत नाही. तिने सत्तेचाळीस दिला."

ओळीपुढे लाल शाईत ४७ होतं.

निधी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "ती पोरगी शुक्रवारपासून धड जेवली तरी असेल का रे?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला खरोखरच लाज वाटली.

मी फोन लावला. "भव्या, चूक तुझी नाही. माझी आहे. सोमवारी मॅडमना मी स्वतः तसं सांगेन."

ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सरि, सर," म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. "तुमचा प्रायव्हेट नंबर?"

शंभराच्या आतला कुठलाही आकडा चालला असता. माझ्या तोंडून निघालं, "चौसष्ट."

सासऱ्यांनी मान वर न करता तो लिहिला, पुढे वेळ घातली आणि रजिस्टर सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं.