मुकादमचाचांचा ट्रान्झिटवाला

आमचे मुकादमचाचा पक्ष्यालाही आधी इकामा विचारतात. तीस वर्षं इथे सौदीत, जेद्द्यात, कंपनीच्या माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, काढण्यात आणि व्हिसे लावण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? पहाटेची फजरची नमाज आटोपली की आमच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत ते दुर्बीण घेऊन बसतात. मांडीवर ऑफिसातलं जुनं रजिस्टर. त्यात होला आणि बुलबुल 'इकामावाले', थंडीत येणारा धोबी पक्षी 'व्हिजिटवर'. आपल्याकडून जहाजावर बसून आलेल्या कावळ्यापुढे मात्र लाल शाईत 'कागद नाय'.

"मग हाकला की त्याला," मी एकदा म्हणालो.

"असू दे ओ देसाई. गाववाला हाय."

चाचा रत्नागिरीकडचे, चाची आणि मुलं कायम गावीच. मी वरच्या मजल्यावरचा, बँकेत नोकरी करणारा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून बागेत जातो आणि चाचांच्या बाकावर बसून राहतो.

चाचांचं पक्ष्यांचं पुस्तक इथल्या शराफिया बाजारातल्या एका जुन्या दुकानात मिळालेलं. ते निघालं विलायतेतल्या ओकच्या रानाचं. त्यामुळे त्यातले निम्मे पक्षी जन्मात जेद्द्याला येणार नाहीत. पण एक सापडला. तांबडी शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा. आफ्रिकेला जाता जाता तो दोन दिवस इथे उतरतो, म्हणून त्याची नोंद 'ट्रान्झिट'.

"बगा, घरी ओकवर बसतो," चाचा पुस्तकातलं चित्र दाखवत म्हणाले. "हितं कडुनिंबावर भागवतो. तक्रार नाय काय नाय."

दुर्बिणीवरून एकदा भानगडही झाली. शुक्रवारी बागेत बायकापोरं सतरंज्या टाकून बसलेली आणि चाचांची दुर्बीण नेमकी तिकडेच. रखवालदार धावत आला आणि ओरडला, "इकामा!" चाचांनी घाबरून पक्ष्यांचं रजिस्टर पुढे केलं. रखवालदारानं पानं उलटली, चाचांनी काढलेली पक्ष्यांची चित्रं पाहिली आणि शेवटी शेजारीच बसला. तेव्हापासून चाचा सतरंज्यांकडे पाठ करून बसतात, आणि नवा पक्षी दिसला की रखवालदारच 'चल लवकर' म्हणून हाक मारतो, "यल्ला, मुकादम!"

यंदा चाचा रिटायर झाले आणि त्यांचा फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा शिक्का, लागला. गावी सगळे खूश, चाचांचं तोंड मात्र उतरलेलं. डावा पाय वाकडा असलेला एक थिरथिरा तीन वर्षं त्याच कडुनिंबावर यायचा. ऑक्टोबर सरत आला तरी त्याचा पत्ता नव्हता. चाचांनी तिकीट एकदा पुढे ढकललं. दुसऱ्यांदा ढकलायला निघाले तेव्हा मी भडकलोच.

"चाचा, चाची तिकडे वाट बघतायत आणि तुम्ही एका लंगड्या पाखरासाठी अडून बसलाय! तुम्ही नसलात तर तो उतरणार नाही का?"

चाचा दुर्बिणीची काच पुसत राहिले.

"देसाई, मी पयल्यांदा हितं उतरलो तेवा व्हिसा देनाऱ्या कफीलचा माणूस मना न्यायला यायचा इसरला. दोन दिवस एअरपोर्टावर बसून हुतो. बाकीच्यांना कोण ना कोण यायचा, मिठी मारून न्यायचा. मना कोण 'आलास?' येवडं पन बोललं नाय."

माझी मलाच लाज वाटली.

पण एक्झिटची मुदत काही पाखरासाठी थांबत नाही. मीच चाचांना एअरपोर्टावर सोडलं. आत जाताना त्यांनी रजिस्टर माझ्या हातात ठेवलं.

"निस्तं 'आला' येवडं लिवा."

सहाव्या दिवशी सकाळी रखवालदार सवयीनं ओरडला, "यल्ला, मुकादम!" मग माझ्याकडे बघून त्यानं झाडाकडे बोट दाखवलं. कडुनिंबावर तांबडी शेपटी थरथरत होती. डावा पाय वाकडा. मी उठून उभा राहिलो आणि भर बागेत त्या पाखराला म्हणालो, "आलास?"

रजिस्टरात 'आला' लिहिलं आणि चाचांना फोन लावला. सांगितलं.

"न्यायला कोण हुतं?" चाचांनी विचारलं.

"मी होतो, चाचा. आणि रखवालदार."