अण्णा सोहनी आणि उघडी गॅरेजं

चि. निखिल आणि चि. मीरा,

निखिल, इंग्लंडमधल्या ज्या खेड्यात तू घर घेतोयस, तिथल्या गुन्ह्यांचा तक्ता तू मला पाठवलास आणि खाली विचारलंस, "आजी, सेफ वाटतं का?" मीरा, त्याच आठवड्यात तुझ्या गावाहून, बॉथेलहून, तू दारावरच्या कॅमेऱ्यातली एक चित्रफीत पाठवलीस. त्यात कुणी एक माणूस तुझ्या पायरीशी येऊन उभा राहतो आणि परत जातो. त्यावर तुझ्या गल्लीतल्या लोकांनी दिवसभर चर्चा केली म्हणे. दोन्ही एकदम आलं, म्हणून हे आत्ता लिहायला बसले. मुद्दाम मराठीत लिहितेय. वाचायला वेळ लागेल, लागू दे. अडलं तर आईला फोन करा, तिलाही बरं वाटेल.

तक्ते बघून मला काही सांगता येत नाही. त्याऐवजी एक माणूस सांगते.

अण्णा सोहनींना कुठलंही दार उघडं दिसलं की ते बंद करायचे. घर कुणाचं आहे हा प्रश्न त्यांना पडत नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा कोट काढण्याआधी त्यांनी बाथरूमचं दार लावलं, भिंतीतलं कपाट लावलं, आणि मी ओव्हनमधून नानकटाई काढायला वाकले होते तर माझ्या हाताच्या वरून ओव्हनही लावायला आले. तुमच्या आजोबांनी फ्रिजमधून ताक काढेपर्यंत अण्णा शेजारी हात पुढे करून उभे. "बंद असलेलं बरं," एवढंच म्हणाले. ताकात मीठ कमी आहे असं आजोबांनी सांगितल्यावर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नोंद घेतली." कुठलीही गोष्ट सांगा, अण्णा नोंद घ्यायचे. कुठे घ्यायचे ते कळत नसे, कारण त्यांच्या खिशात पेन्सिलसुद्धा नसायची.

अण्णांची सगळी नोकरी मिरजेच्या जकात नाक्यावर गेली होती. गावात येणारा माल तपासायचा, कर घ्यायचा आणि मग बांबूचा अडसर वर करायचा. त्यांच्या आवाजानं ट्रक थांबत. बायको गेल्यावर भाड्याचं घर मालकाला परत करून ते इकडे मुलाकडे, शिरीषकडे राहायला आले. शिरीष आणि त्याची बायको माधुरी आमच्या गल्लीतच राहत. एकोणीसशे ऐंशी ते नव्वदमधली ती वर्षं. आमचं गाव मिनेसोटात, ईडन प्रेरीच्याही पुढे, गल्लीच्या टोकाला मक्याचं शेत. तुमची आई तेव्हा कॉलेजला गेलेली.

त्या गावात कुणी काही कुलूपबंद करत नसे. गाडीची किल्ली गाडीतच. गॅरेजची दारं सकाळी जी वर जात ती रात्री निजायच्या वेळी खाली येत. आत सायकली, मासे पकडायच्या काठ्या, मांसानं भरलेला फ्रीजर, सगळं रस्त्यावरून दिसायचं. आम्हाला सवय झाली होती. अण्णांना होईना. माल उघडा आणि माणूस जागेवर नाही, याचा नाक्यावर एकच अर्थ असायचा.

शिरीष-माधुरी सकाळी कामावर जायचे ते सहाला परत. अण्णा दिवसभर घरात एकटे. चारच्या सुमाराला स्वतःपुरता चहा करून घेत आणि बाहेर पडत. अंगात शिरीषचा जुना, गुडघ्यापर्यंत येणारा कोट, डोक्यावर माकडटोपी. प्रत्येक उघड्या गॅरेजसमोर उभं राहून नाक्यावरच्या आवाजात हाक मारायची, "हॅलो, एनीबडी इनसाइड?" आतून कुणी ओ दिली तर "ओके, थँक यू" म्हणून पुढे. नाही दिली तर हात वर करून दार खाली ओढायचं आणि नीट लागलं का ते पायानं दाबून बघायचं. तेव्हाची बहुतेक दारं हातानं ओढायची असत, आणि खाली आली की आपोआप कुलूप लागे.

बरेच दिवस कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटे, नवऱ्यानं लावलं असेल, पोरांनी लावलं असेल.

मग समोर नव्यानं राहायला आलेल्या डेबी नावाच्या मुलीची पंचाईत झाली. ती गॅरेजमधून बाहेर पडून मागच्या अंगणात पक्ष्यांना दाणे घालायला गेली होती. पायात घरातल्या सपाता, बाळ आत झोपलेलं. परत येऊन बघते तर गॅरेज बंद, घराचं पुढचं दारही आतून लावलेलं, आणि बाळ उठून रडतंय. तिनं दगडानं स्वयंपाकघराची काच फोडली आणि आत जाऊन पहिला फोन पोलिसांना केला. लांब कोटातला कुणी माणूस शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिला होता.

आमच्या गावाचं एक साप्ताहिक होतं. त्यात पोलिसांच्या बातम्यांचा छोटा रकाना असे. एरवी त्यात काय यायचं, तर अमक्याची गाय रस्त्यावर आली, तमक्याचा कुत्रा दुसऱ्याच्याच गाडीत जाऊन बसला आणि उतरेना. त्या आठवड्यात आलं, की एक अनोळखी माणूस घरांच्या गॅरेजपाशी फिरत असल्याची तक्रार आहे, काही चोरीला गेलेलं नाही.

अण्णा तो रकाना रोज सकाळी, म्हणजे नवा अंक येईपर्यंत तोच तो, वाचायचे. ही बातमी त्यांनी मला येऊन वाचून दाखवली. चेहऱ्यावर काळजी होती, पण तुम्हाला खरं सांगते, थोडा आनंदही होता. "मी म्हणत होतो ना, वहिनी," ते म्हणाले. "कुणीतरी फिरतंय."

दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीबरोबर मागचा रस्ताही करायला लागले. जास्त दारं बंद झाली, म्हणून जास्त तक्रारी गेल्या. पुढच्या अंकात दोन ओळींच्या चार ओळी झाल्या. त्या वाचून अण्णा दुपारचेही एकदा जाऊन यायला लागले. त्या महिन्यात आमच्या गावची गुन्हेगारी जी वाढली, ती सगळी एकट्या अण्णांनी आणि ती थांबवण्यासाठीच वाढवली होती.

माझ्या लक्षात आलं ते माकडटोपीमुळे. भाजीच्या दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती की त्या माणसाचे कानसुद्धा दिसत नाहीत. मिनेसोटात टोप्या पुष्कळ, पण तशी एकच.

त्याच संध्याकाळी माधुरी आली. तिनंही ओळखलं होतं. शिरीषनं वडिलांना एकदा सांगून बघितलं होतं, लोकांच्या गॅरेजना हात लावू नका म्हणून. अण्णांनी नोंद घेतली. शिरीष वडिलांसमोर दुसरं वाक्य बोलू शकणारा मुलगा नव्हता. त्यानं सरळ पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट काढलं.

"पण काकू, पाठवायचं कुणाकडे?" माधुरी म्हणाली. "मिरजेचं घर नाही. सांगलीला पुतण्या आहे, त्यानं फोनवर नुसतं बघू म्हटलं. मी कॅन्सल कर म्हणते तर शिरीष म्हणतो, उद्या पोलिसांनी अण्णांना गाडीत घालून नेलं तर काय करशील? तुम्ही सांगा ना अण्णांना. तुमचं ऐकतील."

मी गेले. अण्णांनी मला खुर्ची दिली, चहा केला, आणि मी तोंड उघडायच्या आत सांगितलं की आमच्या तळघराची खिडकी दोन दिवस उघडी आहे. मग म्हणाले, गुरुवारी शाळेत सभा आहे, गल्लीवर लक्ष ठेवायला मंडळ काढताहेत, पोलीस येणार आहेत, मी जाणार. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना जायला ठिकाण मिळालं नव्हतं. त्यांनी कोटाला ब्रश करून तो खुर्चीच्या पाठीवर लावून ठेवला होता. मी चहा पिऊन परत आले.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. मुलांच्या बुटक्या खुर्च्या, मोठ्या भांड्यात पातळ कॉफी, कुणी कुणी घरून केलेल्या गोड वड्या. अण्णा पहिल्या रांगेत, गुडघे छातीशी, टोपी मांडीवर. आम्ही त्यांच्या मागे. शिरीष सबंध वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

एका तरुण पोलिसानं वर्णन वाचलं. लांब कोट, कान झाकणारी टोपी, वयस्कर, गॅरेजमध्ये तोंड घालून मोठ्यानं ओरडतो. मग डेबी उठली आणि बाळ कसं रडत होतं ते सांगितलं. मी अण्णांच्या पाठीकडे बघत होते. कोट ऐकल्यावर ते जरा सरळ झाले. टोपी ऐकल्यावर त्यांनी मांडीवरच्या टोपीकडे बघितलं. बाळ ऐकल्यावर ते उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "दॅट पर्सन इज मी. आय वॉज क्लोजिंग. नॉट ओपनिंग."

कुणी हसलं नाही. अण्णा डेबीकडे वळले आणि त्यांना येत होतं त्या इंग्रजीत म्हणाले, की मी हाक मारली होती, पण बाळाला उत्तर देता येत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. काचेचे पैसे मी देईन. उद्यापासून मी बाहेर पडणार नाही. मग ते खाली बसले, आणि आधीच बुटकी असलेली ती खुर्ची मला आणखी बुटकी दिसली.

शिरीष उठला. वडिलांच्या वतीनं त्यानं सगळ्यांची माफी मागितली आणि सांगितलं की तसेही ते पुढच्या महिन्यात इंडियाला परत जाताहेत. हे अण्णांना तिथेच पहिल्यांदा कळलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून मिसेस लिंडक्विस्ट बोलल्या. त्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहायच्या, विधवा, आमच्या सगळ्यांत वयानं मोठ्या. कुणाशी फारशा बोलत नसत. त्या उभ्याही राहिल्या नाहीत.

"मग माझं गॅरेज कोण बंद करणार?" त्यांनी विचारलं.

लोक थोडे हसले. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझं दार विजेचं आहे. स्वयंपाकघरात बटण आहे, एका बोटानं बंद होतं. रोज चार वाजायच्या आधी त्याच बोटानं मी ते उघडते. हा माणूस येतो, आत कुणी आहे का विचारतो. मी आहे म्हणते. तो थँक यू म्हणतो. "माझा नवरा गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "काही दिवस मी तोंडानं बोलते ते एवढंच. आणि एखाद्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, तर कुणाला तरी कळेल."

त्यांचा उच्चार अण्णांना कळला नव्हता. ते मागे माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय म्हणतात त्या?" मी मराठीत सांगितलं. शिरीष शेजारीच होता.

अण्णांनी मांडीवरची टोपी हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "ते दार ओढून खाली येत नाही, वहिनी. मला पहिल्याच दिवशी कळलं. त्या आतून ओ देतात आणि बटण दाबतात. ते जमिनीला टेकेपर्यंत मी उभा राहतो. माझं तिथे काही काम नाही." टोपीची घडी करत म्हणाले, "दिवसभरात मला ओ देणाऱ्या त्या एकट्याच. मला कळलंय हे त्यांना सांगून ते बंद कशाला पाडायचं?"

शिरीषनं तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी माधुरीनं ऑफिसमधून मला फोन करून सांगितलं की तिकीट कॅन्सल केलं, आणि शिरीष आज चारच्या आत घरी पोचायचं म्हणून निघालाय, कशाला ते मला सांगत नाही.

तो पोलीस शहाणा होता. त्यानं अण्णांना दोनच गोष्टी सांगितल्या. दारांना हात लावायचा नाही. आणि जिथे रोज ओ येते तिथे आली नाही, तर आत न जाता आम्हाला फोन करायचा. अण्णांनी नोंद घेतली, आणि या खेपेला खरंच पाळली, निदान दुसऱ्यांच्या घरी. डेबीनं काचेचे पैसे घेतले नाहीत. मात्र हाक मारण्याऐवजी घंटी वाजवा म्हणाली, बाळ झोपलेलं असतं. मंडळानं गल्लीच्या तोंडाला मोठा डोळा काढलेली पाटी लावली. शिरीष कधीकधी वडिलांबरोबर फिरताना दिसायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण उघडं गॅरेज आलं की एकदम थांबत. साप्ताहिकातला रकाना पुन्हा गायीवर आणि कुत्र्यावर आला.

आता अण्णा नाहीत. मिसेस लिंडक्विस्ट त्यांच्यानंतर दोन हिवाळ्यांनी गेल्या. शिरीष-माधुरी निवृत्त होऊन उन्हाच्या गावी राहायला गेले. मक्याच्या शेतावर दुकानं झाली, पाटी कुणी कधी काढली ते कळलं नाही, आणि हल्ली आमच्याकडेही गॅरेजं दिवसासुद्धा बंद असतात.

पण गल्लीत जे कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, त्याच्या दाराशी संध्याकाळी कुणीतरी येऊन हाक मारतं आणि आतून ओ आल्याशिवाय जात नाही. ते अजून चालू आहे. सध्या ते दार माझं आहे.

तुमची,
आजी